गाडी सांगते ते आणि माणूस सांगतो ते

विमान मागे ढकलणाऱ्या पुशबॅक टगचं वय किलोमीटरमध्ये सांगून काही कळत नाही. टग दिवसभर राबतो, पण त्याची सगळी धाव एका बेपासून (विमान उभं करायच्या जागेपासून) दुसऱ्या बेपर्यंत. विमान थोडं मागे ढकलायचं, वळवायचं, टग आणि विमान जोडणारा दांडा म्हणजे टो-बार सोडायचा, जागेवर परत यायचं आणि इंजिन चालू ठेवून पुढच्या विमानाची वाट पाहायची. रस्त्यावरच्या ट्रकच्या हिशेबानं याचं ऑइल बदलायचं ठरवलं, तर ती वेळ येईपर्यंत इंजिनच उरायचं नाही. ग्राउंड पॉवर युनिटचं तर त्याहून अवघड. ते विमानाशेजारी एका जागी उभं राहून तासन्‌तास वीज पुरवतं. चाकं तसूभर हलत नाहीत आणि आतलं इंजिन मात्र भरल्या भारावर धापा टाकत असतं.

म्हणून आमच्याकडे मोजमाप तासांचं. डॅशबोर्डवरचा तो छोटा अवर मीटर म्हणजे या वाहनांचं पंचांग. इतक्या तासांनी ऑइल-फिल्टर, तितक्या तासांनी हायड्रॉलिकची तपासणी, सगळं त्यावरून ठरतं. पण तासही फसवतात. काही गाड्यांचा मीटर नुसती किल्ली फिरवली तरी पळू लागतो. तो भारावर चाललेला तास आणि आयडलिंगवर गेलेला तास यांत भेद करत नाही, आणि डिझेल इंजिनाला दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेनं त्रास देतात. भारावर झीज होते. नुसतं गुरगुरत ठेवलं तर इंजिन पुरतं तापत नाही, काजळी साठते आणि नव्या इंजिनांचे धुरातली काजळी अडवणारे पार्टिक्युलेट फिल्टर तुंबतात. गाडीत टेलिमॅटिक्सचा, म्हणजे गाडीची माहिती दूरवर पाठवणारा, डबा बसवला आणि तो इंजिनाच्या कॅन बसला (गाडीतले सेन्सर आणि संगणक ज्या तारांवरून बोलतात तिला) जोडला, की पहिला मोठा फायदा हा होतो. आरपीएम, कूलंटचं तापमान, ऑइलचा दाब, फॉल्ट कोड हे सगळं दिसायला लागतं आणि ‘तास’ या एका आकड्याच्या पोटात काय काय दडलं होतं ते उलगडतं. दोन सारखे टग, अवर मीटरवर जवळपास सारखे आकडे, आणि एकाचा निम्म्याहून अधिक वेळ आयडलिंगमध्ये गेलेला, हे मी पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इतकी वर्षं आपण दोघांना एकाच मापानं तोलत होतो याचं नवल वाटलं.

मी अशा वाहनांच्या देखभालीचं नियोजन बघते. विमानाची देखभाल आणि विमानाभोवतीच्या वाहनांची देखभाल या दोन वेगळ्या दुनिया आहेत. विमानातला सुटा भाग कुठून आला, कुणी बसवला, कुणी तपासला याचा माग शेवटपर्यंत लागतो. परवानाधारक इंजिनिअरची सही झाल्याशिवाय ते हलत नाही. आणि त्याच विमानाच्या अंगाला दिवसातून कितीतरी वेळा जाऊन भिडणारा, सामान पट्ट्यावरून चढवणारा बेल्ट लोडर? त्याचा इतिहास कालपरवापर्यंत ग्रीसचे डाग पडलेल्या एका वहीत होता. त्या वहीची काही पानं फाटलेली, आणि उरलेल्यांवर ‘ओके’.

आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं 2022 मध्ये जमिनीवर होणाऱ्या विमानांच्या नुकसानीचा एक अभ्यास मांडला. काही केलं नाही तर हे नुकसान 2035 पर्यंत दुप्पट होऊन वर्षाला जवळपास 10 अब्ज डॉलरवर जाईल, असा त्यातला अंदाज. विमान उभं असताना होणाऱ्या नुकसानीचं मुख्य कारण म्हणजे आमचीच वाहनं, त्याला येऊन धडकणारी. त्यातल्या प्रत्येक धडकेला देखभाल जबाबदार नसते. घाई, अंधार, पाऊस, नवखा ड्रायव्हर यांचाही वाटा असतो. पण ब्रेक उशिरा लागला, रबरी बंपर झिजून आतलं लोखंड उघडं पडलं, प्रॉक्सिमिटी सेन्सर बिघडला म्हणून कुणीतरी तो बंद करून ठेवला, या गोष्टी वर्कशॉपच्या पदरात पडतात.

तर वहीची जागा मोबाइलनं घेतली. शिफ्ट सुरू होताना ड्रायव्हरनं गाडीभोवती फेरी मारायची. टायर, ब्रेक, दिवे, हॉर्न, गळती, बंपर, इमर्जन्सी स्टॉप बघायचा आणि पडद्यावर खुणा करायच्या. वहीत पूर्वी सगळ्या रकान्यांतून एक लांब उभी रेघ असायची. आता रेघेऐवजी हिरव्या खुणा. फरक एवढाच की ॲप वेळही नोंदवतं, आणि वेळ चुगली करते. अख्खी यादी वीस सेकंदांत पूर्ण. वीस सेकंदांत कंटेनर चढवणाऱ्या हाय लोडरच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चालत जाऊन होत नाही, मग खाली वाकून हायड्रॉलिकची गळती बघणं दूरच. कागदी घोडे होते ते पडद्यावर धावू लागले, आणि पडद्यावर ते जास्त देखणे दिसतात. महिनाअखेरीच्या अहवालात शंभर टक्के तपासणी!

यावर परिपत्रक काढणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. आम्ही यादीच कापली. सगळ्या गाड्यांना एकच यादी लावण्याचा हट्ट सोडला. डॉली, म्हणजे सामानाच्या बिनइंजिनाच्या गाड्या, ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओझं उचलणाऱ्या हायड्रॉलिक मास्टबद्दल विचारून काय मिळणार? उरलेल्या प्रश्नांपैकी निदान एक-दोन असे ठेवले की बघितल्याशिवाय उत्तर देताच येऊ नये. अवर मीटरचा आकडा भरा. बेल्ट लोडरच्या पुढच्या बंपरचा फोटो काढा. फोटोत बंपर दिसतोच, शिवाय मागे गळलेल्या तेलाचं थारोळंही दिसतं, जे कुणी विचारलेलं नसतं.

तरी खरी अडचण यादीत नव्हतीच. तपासणी वरवर का होते, असं एका जुन्या ड्रायव्हरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, लिहून होतं काय? एकदा लिहिलं, दोनदा लिहिलं, गाडी तशीच परत माझ्याच हातात. मग मी ती कशी चालवायची ते शिकलो.” त्याचं शेवटचं वाक्य कुठल्याही देखभाल-प्रमुखाची झोप उडवेल असं आहे. बिघडलेली गाडी चालवायचं कौशल्य माणसं आत्मसात करतात. ब्रेक थोडा आधी दाबायचा, स्टिअरिंग जरा डावीकडे धरायचं. मग एक दिवस तो ड्रायव्हर सुटीवर जातो आणि ती गाडी दुसऱ्याच्या हातात येते.

गाडीचा फॉल्ट कोड आपोआप येतो, माणसाची तक्रार आपोआप येत नाही. ती यायला त्याला वाटावं लागतं की पलीकडे कुणीतरी वाचतंय. म्हणून ॲपमधली माझ्या मते सर्वांत मोलाची सोय अगदी साधी आहे: ज्यानं बिघाड कळवला त्याच्या मोबाइलवर उत्तर परत जातं. ‘तुम्ही सांगितलेला ब्रेकचा दोष तपासला, लायनिंग बदललं.’ किंवा ‘भाग उपलब्ध नाही, गाडी बंद ठेवली आहे.’ किंवा अगदी ‘तपासलं, दोष आढळला नाही, पुन्हा जाणवला तर कधी जाणवतो ते कळवा.’ हे सुरू झाल्यावर तक्रारी वाढल्या. वरिष्ठांना वाटलं, गाड्या जास्त बिघडू लागल्या. बिघाड तेवढेच होते, ते आता कानावर येऊ लागले होते, हे पटवायला बराच काळ गेला.

दुसरी सोय आवाजाची. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पर्यायांची यादी फार आवडते: इंजिन, ब्रेक, विद्युत, हायड्रॉलिक, इतर. त्यातून त्यांना सुबक आलेख काढता येतात. वर्कशॉपमध्ये मात्र ‘इतर’ हाच सर्वांत मोठा खांब होतो, कारण ड्रायव्हरला दोष कोणत्या खात्यात मोडतो हे ठाऊक नसतं आणि असायची गरजही नाही. त्याला एवढंच ठाऊक असतं की “गाडी गार असताना काही नाही, पण दोन-तीन फेऱ्या झाल्या की डावीकडे वळताना खालून कर्र असा आवाज येतो.” या एका वाक्यात मेकॅनिकला निम्मं निदान मिळतं. हे वाक्य हातमोजे घालून, उन्हात चमकणाऱ्या पडद्यावर कोण टाइप करणार? ते बोलून रेकॉर्ड करता यायला हवं, स्वतःच्या भाषेत, शक्य असेल तर त्या ‘कर्र’सकट. आणि नेटवर्क नसलेल्या कोपऱ्यातही ते जतन व्हायला हवं. विमानात इंधन भरलं जात असताना तिथं मोबाइल हाताळायचा नसतो, त्यामुळे बऱ्याच गोष्टी जागेवर नाही तर नंतर नोंदवल्या जातात. हे गृहीत धरून बनवलेलं ॲप मी क्वचितच पाहिलं.

आता धक्क्यांबद्दल. 26 डिसेंबर 2005 रोजी अलास्का एअरलाइन्सचं एमडी-83 जातीचं विमान सिॲटलहून बरबँकला निघालं. साधारण 26,000 फुटांवर केबिनमधला हवेचा दाब एकाएकी गेला. वैमानिकांनी विमान खाली आणलं, सिॲटलला परत उतरवलं, सगळे वाचले. विमानाच्या अंगाला भोक पडलं होतं. उड्डाणाआधी सामान चढवणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या वाहनाचा तिथं धक्का लागला होता आणि त्यानं तो लगेच कळवला नव्हता. आमच्या प्रशिक्षणात ही घटना हमखास सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा ‘बघा, त्यानं सांगितलं नाही’ अशा सुरात. मला नेहमी पुढचा प्रश्न पडतो की का नाही सांगितलं? सांगितल्यावर त्या ठिकाणी काय होत असेल अशी त्याची समजूत होती?

त्यात आता विमानंही बदलली. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला धक्का लागला तर पोचा पडतो, निदान दिसतो तरी. बोइंग 787 मध्ये वजनाचा निम्मा भाग कंपोझिटचा, म्हणजे तंतू आणि राळ यांच्या थरांचा आहे, एअरबस ए350 मध्ये निम्म्याहून थोडा जास्त. कंपोझिटला बोथट वस्तूचा धक्का लागला, तर वरून जेमतेम खूण आणि आतले थर मात्र सुटलेले, असं होऊ शकतं. म्हणजे डोळ्यांनी तपासून ‘काही झालेलं नाही’ म्हणायची सोय कमी झाली. अशा वेळी बेल्ट लोडरवर बसवलेल्या सेन्सरला धक्का जाणवला, अमुक वेळी, अमुक बेवर, अमुक जोरानं, ही नोंद फार मोलाची.

पण सेन्सरला विमान ओळखता येत नाही. त्याला फक्त झटका कळतो. डॉलीची रांग जोडताना बसणारा हिसका, काँक्रीटच्या जोडावरून जातानाची आदळआपट, मेकॅनिकनं बॉनेट जोरात लावणं, सगळं त्याला सारखंच. सुरुवातीला मर्यादा खूप खाली ठेवली तर दिवसभर इशारे येतात आणि आठवड्याभरात सुपरवायझर मोबाइलचा आवाज बंद करतो. वर ठेवली तर सावकाश टेकून दाबलेला बंपर निसटतो, आणि नुकसान करणारा तोच असतो. मर्यादा प्रत्येक प्रकारच्या गाडीला वेगळी लागते आणि ती बसवायला धीर लागतो. हे काम विक्रेता करून देत नाही. तो डबा बसवून, हार-फोटो करून निघून जातो.

मग वेळापत्रक. कुठलंही देखभालीचं सॉफ्टवेअर घ्या, त्याचा आत्मा वेळापत्रकात असतो. गाडीचे तास भरले की जॉब कार्ड आपोआप निघतं, काम वेळेत झालं नाही की चौकोन लाल होतो. लाल चौकोन वरिष्ठांना सहन होत नाही, आणि मग सगळी धडपड चौकोन हिरवा करण्याची. विमानांची वर्दळ कमी असते त्या मधल्या वेळातच गाड्या हाती लागतात. रात्र थोडी आणि सोंगं फार. म्हणून मला दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट सांगाविशी वाटते. सी. एच. वॉडिंग्टन हे मुळात जीवशास्त्रज्ञ. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये लिबरेटर विमानांच्या देखभालीचे आकडे त्यांच्या गटानं तपासले. दर 50 उड्डाण-तासांनी तपासणी होत असे. बिघाड तपासणीनंतर कमी व्हायला हवेत ना? उलट तपासणी झाल्या झाल्या ते सर्वांत जास्त होते आणि मग हळूहळू उतरत होते. चांगलं चाललेलं उघडून बघण्यातच काही बिघडत होतं.

पुढे 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नाउलन आणि हीप यांच्या अहवालात विमानाच्या भागांबद्दल निघालं, की वय वाढलं म्हणून बिघडण्याची शक्यता वाढते असे भाग जेमतेम 11 टक्के. बाकीचे ठरावीक वेळी बदलून विशेष फायदा नाही. विमान कंपन्यांनी हे शिकून देखभालीची पद्धत पालटली. त्या ज्ञानाला विमानापासून त्याच्याच पोटाखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपर्यंत पोहोचायला एवढा वेळ का लागावा, हे मला कळलेलं नाही. अर्थात ते आकडे उचलून जसेच्या तसे आमच्या गाड्यांना लावणंही चूक. बेल्ट, टायर, ब्रेक लायनिंग, होज हे वयानं आणि वापरानं झिजतातच. पण सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हिसिंगच्या तारखा आणि बिघाडांच्या तारखा शेजारी शेजारी असतात; सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्या काही दिवसांत कोणत्या गाड्या परत येतात, हा प्रश्न विचारायला फुकट आहे. आम्ही विचारला. सैल राहिलेले क्लॅम्प आणि नीट न बसलेले कनेक्टर, हीच दोन कारणं पुन्हा पुन्हा. कामं घाईत उरकली जात होती, लाल चौकोन हिरवे करण्यासाठी.

‘एआय बिघाड आधीच सांगेल’ असं म्हणणारे विक्रेते आले की मी शांतपणे ऐकते. मोठ्या ताफ्यात ते जमतही असेल. पण पाच कंपन्यांचे मिळून मूठभर बेल्ट लोडर असतील, तर त्या यंत्रानं शिकायचं कशावरून? त्यापेक्षा साध्या गोष्टी मला आवडतात. 12 व्होल्टची बॅटरी स्टार्टर फिरताना 9.6 व्होल्टच्या खाली उतरू लागली, की ती बदलायची. यात बुद्धिमत्ता काही नाही, पण पहाटेच्या पहिल्या विमानाला ट्रॅक्टर सुरू होत नाही हा प्रकार यानं खरोखर कमी होतो.

आणि ज्यांना बॅटरीच नाही त्यांचं काय? एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या आवारात, संख्येनं सर्वांत जास्त असतात त्या इंजिन नसलेल्या वस्तू: डॉली, टो-बार, शिड्या, चाकांना लावायचे चोक. टेलिमॅटिक्सच्या नकाशावर त्या नसतातच, म्हणून देखभालीच्या बैठकीतही नसतात. कंटेनरच्या डॉलीवर रोलर असतात आणि कंटेनर घसरू नये म्हणून कडेला लॉक. नेहमीचा एलडी-3 कंटेनर भरून 1,588 किलोपर्यंत जाऊ शकतो. तो वळणावर ज्या एका लोखंडी लॉकच्या भरवशावर असतो, त्याची स्प्रिंग गेली आहे हे कोण नोंदवणार? टो-बारमध्ये एक शिअर पिन असते. प्रमाणाबाहेर जोर आला तर तिनं तुटायचं आणि विमानाचा नोज गिअर, म्हणजे पुढच्या चाकाचा पाय, वाचवायचा, एवढंच तिचं आयुष्य. तिच्या जागी हाताला लागला तो मजबूत बोल्ट ठोकला, तर टो-बार सुरेख चालतो, आणि तुटायची पाळी नोज गिअरवर येते. हे कुठल्याही सेन्सरला दिसत नाही. इथं पत्र्यावर कोरलेला क्यूआर कोड आणि तो स्कॅन करून वाकून बघणारा माणूस, एवढीच डिजिटल व्यवस्था शक्य आहे आणि ती पुरेशी आहे. फक्त वाकून बघायला वेळ दिलेला हवा.

सुट्या भागांबाबत थोडक्यात. स्टोअरचं सॉफ्टवेअर म्हणतं सेन्सर शिल्लक आहे, कपाटात नाही. रात्री कुणीतरी नेला आणि नोंद केली नाही, कारण गाडी अडून होती. त्याहून अवघड म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर: बंद पडलेल्या गाडीचा पंप काढून दुसरीला लावायचा. गरजेच्या वेळी हे सगळेच करतात आणि त्यात गैर काही नाही, फक्त नोंदवायला हवं. नाही तर ती बंद गाडी सॉफ्टवेअरमध्ये ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणून महिनोन्‌महिने उभी राहते आणि प्रत्यक्षात तिचा नुसता सांगाडा उरलेला असतो.

विजेवरच्या गाड्या आल्यापासून आमच्या जुन्या मेकॅनिकांची एक वेगळीच पंचाईत झाली आहे. डिझेल इंजिन दुरून ऐकून त्याचा कोणता इंजेक्टर गडबड करतोय ते सांगणारी ही माणसं. विजेचा टग काही बोलतच नाही. लॅपटॉप जोडा, कोड वाचा. लेड-ॲसिड बॅटऱ्यांना निदान पाणी घालायचं काम होतं. लिथियमच्या पॅकची काळजी त्याची बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, घेते आणि न पटलं तर गाडी बंद करून मोकळी होते. त्यात देखभालीचा अर्धा प्रश्न गाडीतून निघून चार्जरमध्ये गेला. चार्जरचा कनेक्टर वाकला, केबलवरून चाक गेलं, गाडी रात्रभर लावून ठेवली पण चार्जच झाली नाही. तरीही चार्जर ‘वाहन’ नाही म्हणून कित्येक ठिकाणी देखभालीच्या यादीतच नसतो. आमच्या यादीत तो आता आहे, गाडीइतक्याच मानानं. जुन्या मेकॅनिकांपैकी दोघंजण कोड वाचण्यात तरुणांच्या पुढे गेलेत, हेही सांगून ठेवते.

धक्क्यांच्या नोंदींचं मात्र आमच्यात अजून एकमत नाही. सध्या रीत अशी आहे: इशारा आला की गाडी आणि विमान दोन्ही थांबवायची, पहिला फोन विमानाच्या इंजिनिअरला, दुसरा वर्कशॉपला. ड्रायव्हरचं नाव आमच्या पडद्यावर दिसत नाही. ते सुरक्षा विभागाकडे असतं. आपणहून कळवणाऱ्यावर त्या धक्क्यासाठी कारवाई नाही, लपवणाऱ्यावर आहे. ऑपरेशन्सच्या लोकांना नाव हवं असतं, सुपरवायझरच्या मोबाइलवर, त्याच क्षणी. त्यांचं म्हणणं, नावाशिवाय शिस्त कशी लागणार. मी म्हणते, ज्या दिवशी नाव पडद्यावर येईल त्या दिवसापासून सेन्सरवर कुणीतरी चिकटपट्टी लावेल. दर महिन्याच्या बैठकीत हा विषय निघतो, अर्धा तास खातो आणि पुढे ढकलला जातो. माझ्यापुरतं विचाराल, तर तो असाच पुढे ढकलला जावा.